क्षयरोगाची जलद तपासणी आणि झाडीपट्टीतला माणूस : एका उशिराचा इतिहास

मार्च महिन्यात २० तारखेला आपण महाडचा सत्याग्रह आठवतो. त्यानंतर चारच दिवसांनी, २४ मार्चला, सरकारी दवाखान्यांवर जागतिक क्षयरोग दिनाचे बॅनर लागतात. दोन्ही दिवस एकाच आठवड्यात येतात हा योगायोग. पण महाडच्या तळ्यावर जो प्रश्न होता तोच आज चंद्रपूर-गडचिरोलीत क्षयरोगाच्या तपासणीपुढे उभा आहे, असे माझे म्हणणे आहे.

महाडचे तळे सत्याग्रहाच्या आधीच कागदावर खुले झालेले होते, हे आपल्यातले पुष्कळजण विसरतात. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. होय, त्या यादीत दवाखानेही होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला. तरी १९२७ उजाडेपर्यंत त्या पाण्याला अस्पृश्याची ओंजळ लागली नव्हती. ठराव आणि ओंजळ यांच्यातले अंतर बाबासाहेबांनी लोकांना सोबत घेऊन चालून काढले.

आज कागदावर काय आहे? राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमाच्या सूचना सांगतात की संशयित रुग्णाची पहिलीच तपासणी शक्य तिथे जनुकीय पद्धतीने, म्हणजे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर, आणि मोफत व्हावी. हे मशीन बेडक्यातल्या जंतूची जनुकीय खूण शोधते. जंतू आहे की नाही, आणि त्याच्यावर रिफाम्पिसिन हे सर्वात महत्त्वाचे औषध चालेल की नाही, अशी दोन्ही उत्तरे साधारण दोन तासांत मिळतात. आता भामरागड किंवा जिवती तालुक्यातल्या एखाद्या टोल्यावर उभे राहून याच वाक्याकडे बघा. ‘शक्य तिथे’ हे दोन शब्द सगळा अर्थ बदलून टाकतात. ते शब्द कुठून आले, त्याचा इतिहास सांगायचा आहे.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. तोपर्यंत हा रोग कोणी रक्तातला म्हणत होते, कोणी स्वभावातला. आपल्याकडे त्याला राजयक्ष्मा म्हणत आणि पापाशी जोडत. कॉखने तो जंतूशी जोडला. लगेचच जंतूला लाल रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत बसली आणि पुढची सव्वाशे वर्षे गरिबाच्या क्षयरोगाचे निदान त्याच पद्धतीने होत राहिले. तिची अडचण अशी की बेडक्याच्या एका मिलीलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते नजरेला पडत नाहीत. म्हणजे आजार बराच वाढल्यावर, घरातल्या चार माणसांना दिल्यावर. लहान मुले बेडका काढू शकत नाहीत, एचआयव्ही असलेल्यांच्या बेडक्यात जंतू कमी असतात, गाठीचा किंवा मणक्याचा क्षय बेडक्यात येतच नाही. ही सगळी माणसे काचपट्टीवर ‘निगेटिव्ह’ ठरत. आणि कोणते औषध चालेल हे तर सूक्ष्मदर्शक कधीच सांगू शकत नाही. त्यासाठी जंतू प्रयोगशाळेत वाढवावे लागतात. त्याला घट्ट माध्यमावर सहा ते आठ आठवडे लागतात आणि मग औषधांची चाचणी वेगळी.

औषधे येण्यापूर्वी उपचार म्हणजे हवापालट. ज्याच्याकडे पैसा त्याला पाचगणीची हवा, त्याहून अधिक पैसा असेल तर स्वित्झर्लंड. कमला नेहरूंचे निधन १९३६ मध्ये लोझानला झाले. त्यांचा आजार कोणाला चुकला नाही, मृत्यूही चुकला नाही, पण निदान आणि डॉक्टर तरी होते. बाकी देशाचा हिशेब भोर समितीने १९४६ मध्ये मांडला : सुमारे २५ लाख संसर्गजन्य रुग्ण, वर्षाला ५ लाख मृत्यू आणि त्यांच्यासाठी सगळ्या देशात मिळून सुमारे ६ हजार खाटा.

याच काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा पट्ट्यात गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या झोपड्या पाहिल्या. पाठोपाठ १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम आला. कोळशाच्या प्रत्येक टनावर कर आणि त्यातून घर, पाणी, दवाखाना. कामगार आरोग्य विम्याचा अडारकर अहवालही त्याच वर्षी त्यांच्या खात्याकडे आला, त्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. यात बाबासाहेबांची विचारपद्धत दिसते. ज्याच्या श्रमातून संपत्ती निघते त्याच्या आरोग्याचा खर्च त्या संपत्तीवरच बसवायचा. कोणाच्या दयेवर सोडायचा नाही. बल्लारपूर, घुग्घूस, राजुरा, भद्रावती या खाणपट्ट्यातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. ब्रिटनमध्ये त्याची जी प्रसिद्ध चाचणी झाली तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये छापले गेले. रुग्ण आधी सुधारले, मग अनेकांच्या अंगातले जंतू औषधाला दाद देईनासे झाले. क्षयरोगात एकटे औषध द्यायचे नाही आणि फसत असलेल्या उपचारात एकच नवे औषध टाकायचे नाही, हा धडा तेव्हापासून प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, साठच्या दशकात रिफाम्पिसिन.

भारतानेही जगाला एक मोठी गोष्ट शिकवली. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे गरीब वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले, एक सॅनेटोरियममध्ये आणि एक स्वतःच्या घरी, त्याच कोंदट खोलीत, त्याच अपुऱ्या जेवणावर. औषधे दोघांना सारखी. १९५९ मध्ये निकाल आला : दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. गरिबाचा क्षय त्याच्या सवयींमुळे बरा होत नाही, ही समजूत तिथे पडली. पण हाच निकाल शासनाने सोयीने वाचला. घरी उपचार होतो म्हणजे खाटा बांधायला नकोत, इतकेच त्यांनी घेतले. औषध घरापर्यंत पोहोचले पाहिजे, हा त्याच निकालाचा दुसरा अर्धा भाग होता, तो मागे पडला.

त्याच १९५६ सालच्या १६ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षेनंतर दोन दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या सोहळ्याला झाडीपट्टीतल्या गावागावांतून माणसे चालत आली होती. त्या माणसांनी धर्म बदलला, मेलेली जनावरे ओढणे सोडले, मुले शाळेत घातली. त्यांच्या बाजूने जे बदलायचे ते त्यांनी बदलले. शासनाच्या बाजूचे काय बदलले, हे बघायचे तर १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाकडे वळावे लागते.

त्या कार्यक्रमाची पायाभरणी करताना देबब्रत बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात एक पाहणी केली. १९६३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. खेड्यातल्या क्षयरुग्णांना आपल्याला काही झाले आहे हे कळते का, असा प्रश्न होता. बहुतेकांना कळत होते. निम्म्याहून अधिक रुग्ण तर सरकारी किंवा खासगी दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले होते! साठ वर्षांपूर्वीची ही पाहणी प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर काचेखाली लावून ठेवावी अशी आहे. कारण आजही सभेत उत्तर तेच मिळते : ‘आदिवासी लोक दवाखान्यात येत नाहीत, पुजाऱ्याकडे जातात.’ पुजारी गावात आहे, रात्री उठतो, ओळखीच्या भाषेत बोलतो. माडिया बोलणारी बाई एसटी आणि पायपीट करून दवाखान्यात येते तेव्हा तिथे तिची भाषा कळणारे कोणी नसेल, तपासणीचा माणूस रजेवर असेल, तर पुढच्या वेळी ती कुठे जाईल? चूक तिची आहे असे म्हणणारी ही भाषा आपल्या ओळखीची आहे. ‘हे लोक घाणेरडे राहतात म्हणून’ असे एकेकाळी आपल्या वस्तीबद्दल बोलले जाई, आणि त्याच वस्तीला पाण्याचा नळ दिलेला नसे.

१९९२ मध्ये भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेने या कार्यक्रमाचा आढावा घेतला. उपचार पूर्ण करणारे रुग्ण ३० टक्क्यांहूनही कमी निघाले. तीस वर्षांचा कार्यक्रम! मग १९९७ पासून सुधारित कार्यक्रम, म्हणजे डॉट्स, टप्प्याटप्प्याने आला आणि २००६ पर्यंत देशभर पोहोचला. त्याने चांगले काम केले, हे मान्य करायला हवे. सुमारे लाखभर लोकसंख्येमागे, आणि आदिवासी-डोंगरी भागात पन्नास हजारांमागे, एक सूक्ष्मदर्शक केंद्र झाले. औषधांचा डबा रुग्णाच्या नावाने बाजूला ठेवला जाऊ लागला. लाखो जीव त्यातून वाचले.

पण याच कार्यक्रमात एक गोष्ट होती जिच्याबद्दल फार कमी बोलले गेले. तिचे नाव कॅटेगरी टू. ज्याचा आजार उलटला, ज्याच्यावर पहिला उपचार चालला नाही, किंवा ज्याचे औषध मध्येच सुटले, अशा सगळ्यांना एकाच रांगेत उभे करून आठ महिन्यांचा एकच उपचार दिला जाई : जुनी चार औषधे, अधिक पहिले दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची सुई. त्यांच्या जंतूंवर जुनी औषधे चालतात की नाही, हे बहुतेकांचे तपासलेच जात नसे. जुन्या औषधांना जंतू दाद देत नसतील तर त्या सुईचा अर्थ काय होतो? फसलेल्या उपचारात एकच नवे औषध टाकणे. १९४८ मध्ये जे करू नये म्हणून कळले होते, ते १९९७ नंतर सरकारी छापील पद्धत म्हणून वीस वर्षे चालले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत बंद करायला सांगितली.

असे का केले? तपासणी महाग होती म्हणून. कल्चरची प्रयोगशाळा महाग, दुसऱ्या फळीची औषधे त्याहून महाग, आणि गरीब देशांनी औषधरोधक क्षयावर पैसा खर्चू नये, साध्या क्षयावर लक्ष द्यावे, असे जागतिक तज्ज्ञांचे नव्वदच्या दशकातले मत होते. मुंबईत पैसेवाला रुग्ण खासगी प्रयोगशाळेत कल्चर करून घेत होता. म्हणजे ज्ञान होते, ते कोणासाठी हे ठरलेले होते. पेरूची राजधानी लिमा हिच्या कॅराबायो या झोपडवस्तीत पॉल फार्मर, जिम किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून औषधरोधक क्षयाच्या गरीब रुग्णांवर घरी उपचार करून दाखवले आणि बहुसंख्य रुग्ण बरे केले. त्यानंतरच ‘परवडत नाही’ हे उत्तर ढिले पडले. भारतात औषधरोधक क्षयाचा सरकारी उपचार २००७ मध्ये सुरू झाला, तोही आधी गुजरात आणि महाराष्ट्रात.

आणि ज्याचे औषध सुटले त्याला सरकारी नोंदवहीत काय म्हणत? ‘डिफॉल्टर’. कर्जबुडव्याला बँक म्हणते तो शब्द. तेंदू हंगामात पानफळीवर गेलेला, धान कापणीला दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला, सुईला रोज दहा किलोमीटर चालू न शकलेला मजूर एकदम बुडव्या ठरला. औषधांचा साठा संपला म्हणून सरकारला कोणत्याही नोंदवहीत डिफॉल्टर लिहिलेले मला आढळलेले नाही. मार्च २०२४ मध्ये तर पहिल्या फळीच्या औषधांचाच तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करा असे कळवले. २०१४ ते २०१६ या काळात देशात औषधरोधकतेची पहिली राष्ट्रीय पाहणी झाली. नव्या रुग्णांत २.८४ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांत ११.६२ टक्के रुग्ण एमडीआर, म्हणजे दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारे, निघाले. हा चौपट फरक जिथे तयार झाला ती जागा दवाखान्याच्या आत होती.

आता मशीनकडे. जीनएक्स्पर्ट, जे आपल्याकडे सीबीनॅट म्हणून ओळखले जाते, ते सेफिड या अमेरिकन कंपनीचे. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवल्याची प्रकरणे झाली, तेव्हा टपाल केंद्रांत हवा तपासण्यासाठी हेच तंत्र बसवले गेले. त्यानंतर सार्वजनिक आणि दानाच्या पैशातून त्याचे क्षयरोगाचे कार्ट्रिज तयार झाले. एका अभ्यासाने या तंत्रात गेलेला सार्वजनिक पैसा २५ कोटी डॉलरहून अधिक मोजला आहे. २०१० मध्ये ज्या मोठ्या चाचणीने हे मशीन सिद्ध केले तिच्या केंद्रांपैकी एक मुंबईत होते. म्हणजे महाराष्ट्रातल्या रुग्णांचा बेडका हे मशीन सिद्ध करायला वापरला गेला. त्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. २०१२ मध्ये सवलतीचा भाव ठरला ९.९८ डॉलर प्रति कार्ट्रिज. तो अकरा वर्षे तसाच राहिला. कार्ट्रिज पाच डॉलरच्या आत बनते असे आरोग्य संघटनांनी हिशेब मांडून दाखवले, ‘पाच डॉलर’ची मोहीम चालवली, तेव्हा २०२३ मध्ये तो ७.९७ वर आला. लोकांच्या पैशातून जन्मलेली वस्तू लोकांनाच परत विकत घ्यावी लागते, ही बळीराजाच्या जमिनीपासून चालत आलेली गोष्ट.

मुंबईत जानेवारी २०१२ मध्ये काय झाले तेही सांगितले पाहिजे. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जाहीर केले. सरकार आधी चिडले, मग हलले. त्याच वर्षी मे महिन्यात क्षयरोगाची नोंद सक्तीची झाली. मुंबईत हे घडले कारण मुंबईत ते बघू शकणारी प्रयोगशाळा होती. एटापल्लीत किंवा कोरचीत असा रुग्ण २०१२ मध्ये असता तर तो ‘औषध घेऊनही वारला’ एवढ्या वाक्यात संपला असता. चंद्रपूर-गडचिरोलीत प्रतिकार कमी असेल असे मानणाऱ्यांनी आधी किती तपासले ते सांगावे.

आदिवासी आरोग्यावर केंद्राने नेमलेल्या, गडचिरोलीच्याच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्यात आदिवासींमधले क्षयरोगाचे प्रमाण लाखामागे ७०३ आणि इतरांमध्ये २५६ असे दिले आहे. जवळजवळ पावणेतीन पट. गडचिरोलीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १० लाख ७२ हजार, त्यात ३८ टक्क्यांहून अधिक अनुसूचित जमाती. शेजारी चंद्रपुरात कोळसा, सिमेंट, कागद आणि औष्णिक वीज. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे वैद्यकशास्त्रात जुने आहे. जंगलात उपासमार आणि खाणीत धूळ. एका बाजूला माडिया, गोंड, कोलाम आणि दुसऱ्या बाजूला आपल्या वस्त्यांतले कंत्राटी मजूर. हा रोग दोघांच्या घरी राहतो, म्हणून हा प्रश्न ‘त्यांचा’ म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

२०१६ मध्ये देशभरात पाचशेहून अधिक सीबीनॅट मशीन वाटण्यात आली, जिल्ह्याच्या ठिकाणी ती दिसू लागली. हे मशीन हवे तिथे मांडून चालत नाही. त्याला ३० अंशांच्या आतली खोली लागते, म्हणजे एसी लागतो, अखंड वीज लागते, दरवर्षी जुळणी करावी लागते. चंद्रपूरचा मे ४६-४७ अंशांचा. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे यावरचे आपले उत्तर. बंगळुरूच्या बिगटेकने ते विकसित केले, ते बॅटरीवर चालते, ४० अंशांपर्यंत काम करते आणि टेबलावर मावते. २०२० मध्ये त्याला जागतिक मान्यता मिळाली. तालुक्यापर्यंत, प्राथमिक केंद्रापर्यंत नेता येईल असे हे पहिले मशीन. आणि मान्यता मिळाली त्याच वर्षी कोविड आला. क्षयरोगाची मशीन कोविडच्या तपासणीला लागली. २०१९ मध्ये देशात २४ लाख ४ हजार रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाख ५ हजारांवर आली. सहा लाख रुग्ण बरे झाले नव्हते, फक्त मोजले गेले नव्हते.

पुढे मशीन वाढली, देशात आज ती हजारोंच्या संख्येने आहेत. तरीही जगभराचा आकडा पाहा : २०२३ मध्ये नव्याने निदान झालेल्या रुग्णांपैकी फक्त ४८ टक्क्यांची पहिली तपासणी अशा जलद पद्धतीने झाली. बाकीच्यांना काचपट्टी, क्ष-किरण, नाहीतर डॉक्टरचा अंदाज.

मशीन तालुक्याला आले तरी बेडका टोल्यावरून तिथे जायचा आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. रुग्णाला खाटेची कावड करून नदी पार करवल्याचे फोटो दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. बेडक्याच्या डबीचा फोटो कोणी काढत नाही. ती डबी आशाताईने थंड ठेवायची, वेळेत पोहोचवायची, मग निकाल फोनवर यायचा, आणि फोनला रेंज नाही. दोन तासांचे मशीन या साखळीतली एकच कडी आहे. कार्ट्रिज किंवा चिप संपली, तंत्रज्ञाचे पद रिकामे राहिले की तीही तुटते, आणि गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा असे शासनातच मानले जात असल्यामुळे पदे रिकामी राहतात.

याहून आतली गोष्ट अशी की ही मशीन मुख्यतः एकाच औषधाचा प्रतिकार सांगतात, रिफाम्पिसिनचा. त्यांचा हिशेब असा की रिफाम्पिसिन चालत नसेल तर आयसोनियाझिडही बहुधा चालत नसेल. पण उलट खरे नाही. राष्ट्रीय पाहणीत नव्या रुग्णांपैकी ११ टक्क्यांच्या जंतूंवर आयसोनियाझिड चालत नव्हते, आणि त्यातल्या बहुतेकांवर रिफाम्पिसिन चालत होते. अशा रुग्णाला मशीन ‘रिफाम्पिसिन चालते’ म्हणते आणि त्याला नेहमीचा उपचार सुरू होतो. खरी परिस्थिती कळायला त्याचा दुसरा नमुना लाइन प्रोब तपासणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत, आपल्याकडून नागपूरला, जावा लागतो. गडचिरोली ते नागपूर पावणेदोनशे किलोमीटर, भामरागडहून त्याच्या जवळपास दुप्पट. आयसोनियाझिड आणि इतर औषधांचा प्रतिकार सांगणारे कार्ट्रिज २०२१ मध्ये मान्य झाले आहे. ते जिल्ह्यात का नको? परवडत नाही म्हणून, असे उत्तर आले तर ते १९९० च्या दशकातलेच उत्तर आहे हे त्यांना सांगावे.

कोणी म्हणेल, तपासणीवरच एवढा भर का, खरा प्रश्न पोटाचा आहे. पोटाचा प्रश्न आहेच. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासाने २०२३ मध्ये दाखवले की रुग्णाच्या घरच्यांना धान्य-डाळ दिली तर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटते. यावर शासनाचे उत्तर काय, तर २०१८ मध्ये महिन्याला ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १०००, आणि २०२२ मध्ये ‘निक्षय मित्र’, म्हणजे कोणा दानशूराने रुग्णाला दत्तक घेऊन धान्याची टोपली द्यायची. टोपलीसोबत फोटो. घटनेच्या ४७ व्या कलमात पोषण आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे आद्य कर्तव्य म्हटले आहे. कर्तव्याचे दान कसे झाले? १९४४ मध्ये बाबासाहेबांच्या खात्याने कोळशाच्या टनावर कर बसवला होता. आज सूरजागडचे लोखंड आणि चंद्रपूरचा कोळसा रोज ट्रकने बाहेर जातो. खनिज निधी कायद्याने जिल्ह्यातच खर्चायचा आहे, आणि आरोग्य त्याच्या प्राधान्याच्या यादीत आहे. ट्रूनॅट, चिपा, नमुना वाहणारी मोटारसायकल आणि रुग्णाच्या घरचे धान्य त्यातून यायला कोणाच्या दयेची गरज नाही.

२०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करण्याची घोषणा मार्च २०१८ मध्ये दिल्लीत झाली होती. मुदत गेली. आता नवी तारीख येईल. तिची वाट बघण्यापेक्षा पेसा लागू असलेल्या गावांनी ग्रामसभेत आणि इतरांनी माहिती अधिकारात काही साध्या गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी आपल्या तालुक्यातून किती संशयितांचे नमुने घेतले आणि त्यांपैकी कितींची पहिलीच तपासणी जनुकीय मशीनवर झाली. नमुना घेतल्याची तारीख आणि निकाल रुग्णाच्या हातात पडल्याची तारीख, दोन्ही. वर्षात किती दिवस कार्ट्रिज किंवा चिप नव्हती. नागपूरला किती नमुने गेले, किती निकाल परत आले, आणि तोपर्यंत त्या रुग्णांना कोणते औषध चालू होते. या नोंदी निक्षय पोर्टलवर आणि दवाखान्याच्या वह्यांत असायला हव्यात, त्यामुळे ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे उत्तर स्वीकारू नये. वह्या बघण्याची मागणी करावी. अर्ज जिल्हा क्षयरोग कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत आले पाहिजे.